मोठ्यानं न वाचलेलं माप

माणसांची नावं मी विसरते, मापं विसरत नाही. परवा बाजारात एक पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे बघून हसली, तेव्हा मला आधी आठवलं ते एवढंच: छाती चौतीस, बाही साडेपंधरा, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. मग उलगडलं, ही तर इस्पितळातली ती परिचारिका, जिचे पांढरे गणवेश आम्ही शिवायचो. नाव काही शेवटपर्यंत आठवलं नाही. तिनं माझी चौकशी केली, मी तिच्या खांद्याची केली.

चाळीस वर्षं मी शिवणाचा कारखाना चालवला. वीस मशिनी, कापणीला एक मास्तर, काजं करायला एक बाई, आणि सगळ्यांवर ओरडायला एक मुकादमीण. आता त्यातलं खिडकीपाशी ठेवलेलं एक मशीन उरलं आहे, आणि कपाटात बावीस मापवह्या. सून म्हणते, रद्दीत घालू का? मी म्हणते, माझ्याबरोबर घाल.

कारखान्यात माझा एक नियम होता आणि तो मोडलेला मला खपत नसे. बाईचं माप मोठ्यानं वाचायचं नाही. टेप लावायची, आकडा डोळ्यांनी बघायचा, वहीत लिहायचा, वही मिटायची. गिऱ्हाइकानं विचारलं तर वही पुढे करायची, तोंडानं सांगायचं नाही. नव्या मुलींना याचं हसू यायचं. त्यांना कारण मी कधी सांगितलं नाही.

कारण माझी धाकटी बहीण होती. मी सोळा वर्षांची असताना ज्या दुकानात शिवण शिकायला जात होते, तिथला मास्तर मापं घेताना दुकानभर ऐकू जातील अशी ओरडायचा आणि कोपऱ्यात बसलेला माणूस ती लिहून घ्यायचा. धाकटी शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला आली. अकरा-बारा वर्षांची असेल. मास्तर ओरडला, "कंबर बत्तीस!" कोपऱ्यातल्याला वाटलं, चुकून आलं असेल. त्यानं परत विचारलं. मास्तर म्हणाला, "अरे बत्तीसच! पोरगी आहे का पिंप, बघ की जरा!" सगळं दुकान हसलं. काजं करता करता मीही हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. सगळे हसत होते, मी दुकानात नवी होते, हसले.

धाकटीची मान काळी होती. बाकी अंग गोरं, आणि मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा. आई म्हणायची, मळ आहे, ही पोरगी नीट आंघोळ करत नाही. सुट्टीच्या दिवशी खरखरीत दगड घेऊन तिची मान घासायचं काम माझ्याकडे असे. ती ओरडायची, "ताई, पुरे ना!" आणि मी आईला खूश करायला आणखी दोन हात जास्त मारायचे. काळं काही जायचं नाही, लाल मात्र व्हायचं. पुढे मला शिवता यायला लागलं तेव्हा मी तिला उंच कॉलरचे कपडे शिवून द्यायला लागले. तिला आवडले. ती आज एकाहत्तर वर्षांची आहे आणि अजून कॉलर लावते. उन्हाळ्यातसुद्धा.

हे सगळं सांगायचं कारण माझी नात.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी माप घेताना ती एका जागी उभी राहायची नाही. टेप धरून मीच तिच्याभोवती फिरायचे. आता तेवीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांना मोठी अक्षरं वाचायला लावते. दुकानाचा गणवेश आहे, गडद निळी पँट आणि फिका शर्ट. नोकरी लागली तेव्हा दोन पँटी मिळाल्या. त्या दोन वर्षं तिला छान बसत होत्या.

त्या छान बसत होत्या, कारण मी त्या बसवत होते.

पहिल्यांदा झालं ते असं. कपडे वाळत घालताना मला दिसलं, पँटीच्या हुकापाशी कापड ताणलंय. भिंगरी तेव्हा फार नाजूक मनाची झाली होती. चेहऱ्यावर मुरुमं, हनुवटीवर केस, मानेवर काळसर पट्टा, पाळी तीन-तीन महिने गायब. आरशासमोर चिमटा घेऊन अर्धा अर्धा तास बसायची. म्हटलं, आता पँटही घट्ट होते म्हणून कळलं तर रडून घर डोक्यावर घेईल. मी दुपारी मागची शिवण उसवली, आत राखून ठेवलेल्या जादा कापडातून, मायेतून, अर्धा इंच काढला, परत टीप मारली, इस्त्री करून ठेवून दिली. सकाळी तिनं घातली आणि गेली. काही कळलं नाही. दोन्ही पँटी तशाच केल्या. वहीत तेवढं लिहिलं, कारण शिवलेलं वहीत न लिहिण्याची मला सवयच नाही. तारीख, "भिंगरी, पँट, कंबर", आधी किती, नंतर किती.

मग पाच-सहा महिन्यांनी पुन्हा. मग पुन्हा. चौथ्या खेपेला आत कापडच उरलं नव्हतं, तेव्हा त्याच रंगाचं कापड शोधून मी दोन्ही बाजूंना पट्ट्यांखाली बारीक तुकडे जोडले. असं जोडकाम केलं होतं की आमच्या कारखान्यातल्या मास्तरांनीसुद्धा पाठ थोपटली असती. सगळं मिळून तीन इंच. मी मनाशी म्हणायचे, पोरीला सुखानं जगू दे की जरा.

पाळी पाच महिने आली नाही तेव्हा सुनेनं डॉक्टरांची वेळ घेतली. सुनेला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून मी गेले बरोबर. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, शांत, केस आखूड. आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, मग साखरेचं पाणी पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. आठवड्यानं आम्ही सगळे कागद घेऊन समोर बसलो.

"थायरॉइड ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बाकीची संप्रेरकं बघितली, पाळी आणि केसांचं सगळं मिळून बघितलं. हे पीसीओएस आहे, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम."

"माझ्या बीजकोशात गाठी आहेत," भिंगरी म्हणाली. तिनं कागद आधीच वाचला होता. "काढाव्या लागतील?"

"नाव तसं पडलंय खरं, पण त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायला हवं. तुझी अर्धवट वाढून थांबतात, आणि तशी बरीच जमली की फोटोत ठिपके ठिपके दिसतात. काढायचं काही नाही."

"आणि मुलं?" हे तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"बहुतेकींना होतात. काहींना थोडी मदत लागते, आणि ती मिळते. वेळ येईल तेव्हा माझ्याकडे ये. आज त्याची काळजी नको. आज मला काळजी आहे ती याची." त्यांनी एका आकड्यावर पेन ठेवलं. "उपाशीपोटीची साखर बरी आहे. दोन तासांनंतरची मात्र असायला हवी त्यापेक्षा जास्त आहे. मधुमेह नाही. पण त्या वाटेवर आहे."

भिंगरीचा चेहरा उतरला. मला माहीत होतं, तिच्या डोळ्यांसमोर कोण आलं ते. माझी धाकटी. दिवसातून चार वेळा पोटात सुई टोचून घेणारी तिची मावशीआजी.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. जेवल्यावर रक्तात साखर येते. ती स्नायूंनी, यकृतानं आत घ्यावी म्हणून शरीर इन्शुलिन सोडतं. काहींच्या शरीरात या अवयवांना इन्शुलिनचं नीट ऐकूच जात नाही. मग शरीर आणखी सोडतं, आणखी सोडतं. साखर कशीबशी आवरली जाते, पण रक्तात इन्शुलिन फार होतं. "आणि गंमत अशी," त्या म्हणाल्या, "की बीजकोशांना मात्र ते चांगलं ऐकू जातं. त्या माऱ्यानं ते पुरुषी संप्रेरक जास्त बनवायला लागतात. मग पाळी अडते, हनुवटीवर केस येतात. मानेवरचा हा काळेपणा आहे ना, तोही त्या जास्तीच्या इन्शुलिनचाच."

मी एकदम म्हणाले, "आमच्या मुकादमिणीसारखं."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"अहो, वीस मशिनी चालू असल्या की मुकादमीण काय सांगते ते मशिनीवरच्या बायकांना ऐकू जायचं नाही. म्हणून ती आणखी ओरडायची. आणि तिच्या शेजारी हातानं काजं करणारी बाई गप बसलेली असायची, तिच्या कानात ते सगळं जायचं. ती दचकायची, आणि काज वाकडं व्हायचं. मग तिलाच बोलणी."

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "हे मी उद्यापासून सगळ्यांना सांगणार. काजंवाल्या बाईला रागावून उपयोग नाही. मशिनींचा आवाज कमी करायचा. जेवणानंतर चालायचं, स्नायूंना काम द्यायचं, ताटात भाजी, डाळी, अंडी वाढवायची, झोप पुरी घ्यायची. आणि गरज पडली तर मेटफॉर्मिन नावाची गोळी असते, तीही ऐकू यायला मदत करते."

मी "मळ, मळ" म्हणत दगडानं घासायचे तो धाकटीच्या मानेवरचा पट्टा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यामुळे पुढचा प्रश्न कानावर पडायला मला जरा उशीर झाला.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या कमरेला टेप लावली होती. आकडा लिहून त्यांनी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी किती होती, काही अंदाज?"

"एवढीच," भिंगरी म्हणाली. आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "ही बघा ना, नोकरी लागली तेव्हाचीच पँट आहे. अजून तशीच बसते. वजनकाट्यावर मी उभी राहत नाही, पण ही पँट माझी साक्षीदार आहे."

"नक्की?"

"नक्की. आजीला विचारा, तीच माझे कपडे बघते."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय म्हणून हलवली, मलाही सांगता येणार नाही. चाळीस वर्षांची सवय, आकडा तोंडातून बाहेर पडायचा नाही.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला नुसत्या मापापेक्षा ते वाढतंय का, याचं महत्त्व जास्त आहे. वाढत असती आणि वर ही अशी साखर असती, तर मी आजच गोळी सुरू केली असती आणि तीन महिन्यांत परत बोलावलं असतं. स्थिर आहे, तर घाई करत नाही. पाळी येण्यासाठी दहा दिवसांच्या गोळ्या देते, कारण गर्भाशयाच्या आतलं अस्तर महिनोन्‌महिने साचू देणं बरं नाही. बाकी चालणं, जेवण. एका वर्षानं साखर पुन्हा तपासू."

जिन्यावरून उतरताना भिंगरी माझा हात धरून जवळजवळ उड्या मारत होती. "आजी, ऐकलंस? स्थिर! मला वाटलं होतं आता मीपण मावशीआजीसारखी सुया टोचणार." मग पँटीच्या पट्ट्यावर थाप मारून म्हणाली, "शाबास गं बाई!"

ती थाप मला लागली.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटीकडे गेले. ती चार गल्ल्या सोडून राहते, एकटी. भाऊजी जाऊन नऊ वर्षं झाली. मधुमेहानं तिच्या डोळ्यांचं बरंच नुकसान केलंय, कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणून बोलताना ती तोंड जरा तिरपं करून बघते आणि नव्या माणसाला वाटतं, हिला आपला राग आलाय.

"आलीस?" ती म्हणाली. "पायांचा आवाज जड येतोय. काय केलंस?"

"मी काय करणार?"

"तू आधी चहा मागितला नाहीस. म्हणजे काहीतरी केलंयस."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, इन्शुलिन, मुकादमीण, पँट, तीन इंच. ती मधे एकदाही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नवलच. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "मानेचं परत सांग. काय म्हणाली ती?"

"जास्तीच्या इन्शुलिनमुळे होतं म्हणाली. मळ नसतो."

धाकटीनं कॉलरीत बोटं घालून मान चाचपली. मग म्हणाली, "साठ वर्षांनी निकाल लागला बघ. आई असायला हवी होती." आणि हसली. मला हसू आलं नाही.

"धाकटे, मी फार घासायचे गं."

"घासायचीस तर! माझी कातडी आहे का भांडं, असं वाटायचं. पण एक सांगू? घासलेलं मी विसरले. कॉलरी मला जास्त भारी पडल्या."

"तुला आवडायच्या ना?"

"आवडायच्याच. त्यांच्या आत कुणी बघायचं नाही. आईनं बघितलं नाही, यांनी बघितलं नाही, डॉक्टर आले तरी मी वरचं बटण काढायची नाही. वर्षातून दोनदा पाळी यायची, तर डॉक्टर म्हणाले लग्न झालं की होईल. लग्न झालं, तर म्हणाले मूल झालं की होईल." ती थांबली. "मूल कसं व्हायचं, ते कुणी म्हणालं नाही. आणि आता तुझी बाई सांगते, मदत मिळते म्हणे."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला, रागानं नव्हे, चष्मा पुसायला.

"चाळीस वर्षांची झाले तेव्हा साखर सापडली," ती पुढे म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आठ-दहा वर्षं तरी अंगात असणार. मी म्हटलं, मला कसं कळणार? माझे कपडे तर कधी घट्ट झालेच नाहीत." मग तिनं तोंड तिरपं करून मला बरोबर डोळ्यांच्या कडेत पकडलं. "माझेही सैल करायचीस ना तू?"

मी पदराची कड सरळ करत बसले.

"कळलं मला. अगं, मी शिवण शिकले नाही, पण आंधळी नव्हते तेव्हा. इस्त्री करताना आतली जुनी टिपांची भोकं दिसायची मला. मी काही बोलले नाही, तू काही बोलली नाहीस. झकास जोडी आपली! पण भिंगरीला अशी जोडीदार नको देऊस. आजच जा आणि सांग."

"ती मला माफ करायची नाही."

"नको करू दे. तुला माफी हवीय की तिला डोळे हवेत?"

सांगितलं मी सुट्टीच्या सकाळी. भिंगरी खिडकीपाशी शर्टाचं बटण लावत बसली होती. मी मापवही उघडून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "हे वाच." तिला आधी कळेना. चार ओळी होत्या, चार तारखा. तिनं बोटानं एकेक वाचली, मग वर बघितलं.

"हे माझ्या पँटींचं आहे?"

"हो."

"प्रत्येक वेळी तू वाढवलीस?"

"अर्धा इंच, मग एक, मग परत अर्धा..."

"तीन इंच!" ती उभी राहिली. बटण कुठेतरी घरंगळत गेलं. "आणि मी त्या डॉक्टरांना छाती फुगवून सांगितलं, साक्षीदार आहे म्हणून! तू तिथे बसली होतीस, आजी! मान हलवलीस तू!"

सून आतून आली. "काय झालं?" तिला कळलं तेव्हा तिनं वही उचलून चारही ओळी पुन्हा वाचल्या. मग तिनं नेहमीची चूक केली, म्हणाली, "अगं जाऊ दे, गोड बंद कर म्हणजे होईल सगळं कमी."

"आई, मी गोड खातच नाही!" भिंगरी ओरडली. "दोन वर्षं खात नाहीये! मला वाटायचं त्यानंच मी स्थिर आहे!" आणि तिला रडू फुटलं. "मी सगळं करत होते तरी वाढतच होते. मग निदान मला ते कळायला तरी हवं होतं ना? माझं शरीर आहे ते, तुझं शिवणकाम नाही!"

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कामाला स्कर्ट घालून गेली. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी खोलीत गेले तर टेबलावर दिवा ओढून, दोन्ही पँटी उलट्या करून, माझ्या उसवणीनं ती शिवणी उसवत बसली होती. मी दारातच थांबले. प्रत्येक वेळी दोऱ्याची वेगळी रीळ लागली होती, त्यामुळे निळ्याच्या चार छटा होत्या. ती एकेक ओढून काढत होती आणि टेबलावर ओळीनं मांडत होती. अगदी आतली, दुकानातून आलेली मूळ टीप उसवून गेली होती, तिची नुसती भोकं राहिली होती. तिथे तिनं मोजपट्टी लावली.

"सुबक काम आहे," वर न बघता ती म्हणाली.

"हूं."

"ही वही मी उद्या डॉक्टरांकडे नेणार आहे. तू येणार आहेस. आणि तोंडानं बोलणार आहेस."

गेलो. डॉक्टरीणबाईंनी वही उजेडात धरून वाचली, मग मागची दोन-चार पानंही चाळली, दुसऱ्याच कुणाच्या बाह्या आणि खांदे होते त्यात. मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मागचं काही आठवत नाही. तारखांसकट माप मला आजवर कुणी आणून दिलं नव्हतं. फक्त दहा-बारा दिवस उशिरा आणलंत."

भिंगरीला त्यांनी सांगितलं की यात तिचा आळस नाही. जास्तीचं इन्शुलिन कमरेवर चरबी साठवतं आणि ती चरबी पुन्हा ऐकू येणं कमी करते, दोन्हीकडून ओढाताण. एकटं गोड बंद करून ती सुटत नाही. गोळी सुरू केली, लहान, रात्रीच्या जेवणाबरोबर, हळूहळू वाढवायची. "पोट बिघडेल सुरुवातीला. बिघडलं तर मला फोन कर, मनानं बंद करू नकोस."

बिघडलंच. पहिला आठवडा ती आणि न्हाणीघर. धाकटी फोनवर म्हणाली, "तुमच्या घरात आता रांग लागत असेल." भिंगरी गोळ्या फेकायला निघाली होती, पण तिनं फोन केला आणि डॉक्टरांनी पोटात सावकाश विरघळणारी गोळी बदलून दिली. ती सोसली. जेवणानंतर ती चालायला जायला लागली, पहिले काही दिवस एकटी, मग एकदा दारात थांबून म्हणाली, "चपला घालतेस का?" एवढंच. मी घातल्या. मी अर्ध्या वाटेवर बाकावर बसते, ती पुढे जाऊन परत येते आणि मला उचलून घरी आणते.

आता आठ महिने झाले. केस हनुवटीवर अजून येतात, त्यांना वेळ लागतो म्हणे. मानेवरचा पट्टा मला जरा फिका वाटतो, तिला वाटत नाही. पाळी मागच्या तीन वेळा पाळीच्या गोळ्यांशिवाय आली, पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मला दुकानातून फोन करून सांगितलं आणि समोर गिऱ्हाईक आहे म्हणून लगेच ठेवला. दोन तासांनंतरची साखर थोडी उतरली आहे. पूर्ण नाही.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीला माप. ही तिची अट. खिडकीपाशी उभी राहते, भिंगरी असून अजिबात हलत नाही, आणि म्हणते, "मोठ्यानं वाच." पहिल्या खेपेला मी नुसतीच पुटपुटले, तिनं पुन्हा वाचायला लावलं. पुढे जमायला लागलं, कारण आकडा उतरत होता. पाव इंच, अर्धा इंच. उतरणारा आकडा कुणालाही वाचता येतो.

परवाच्या खेपेला धाकटी आली होती. कोपऱ्यात चहा घेऊन बसली होती, कॉलर लावून. मी टेप लावली. मधले तीन आठवडे भिंगरीला ताप होता, चालणं बंद, झोपेचं खोबरं झालेलं. आकडा बघितला. मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त.

टेप माझ्या हातात होती. चाळीस वर्षं हातात धरलेली वस्तू. दोन बोटांनी जरा ओढली असती तर अर्धा इंच गेला असता, आणि पोरीला कळलंही नसतं. माझी बोटं त्या बाजूला सरकलीही. खरं तेच लिहिते.

"वाच ना," भिंगरी म्हणाली.

मी बोटं सैल केली, टेप कातडीला नुसती टेकली आहे ना ते बघितलं, आणि वाचलं. दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

खोलीत कुणी हसलं नाही. भिंगरीनं वहीतला मागचा आकडा बघितला. मग म्हणाली, "अर्धा इंच वाढली. तापाचे तीन आठवडे. तारीख टाकून लिही," आणि चपला शोधायला गेली.

मी लिहीत होते तेवढ्यात कोपऱ्यातून कप खाली ठेवल्याचा आवाज आला. धाकटी उठून उभी राहिली होती, चाचपडत मशीनपाशी आली, आणि गळ्याचं वरचं बटण काढायला लागली.

"टेप गुंडाळू नकोस," ती म्हणाली. "मला एक बिनकॉलरचा शिवायचाय. गळ्याचं माप घे."

मी घेतलं. तिची मान अजून काळीच होती, मऊ होती. मी आकडा बघितला.

"ऐकू येईल असं वाच, ताई," ती म्हणाली. "मला समोरचं दिसत नाही."